पन्नाशीची रुक्मिणी

[दृश्य: चावीचा जुना ग्रामोफोन. तबकडी फिरते आहे. सुईची खरखर.]

ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावतं. रंगमंचावर हेच पद वन्समोअर धरून कितीतरी वेळ रंगायचं. तबकडीवर उतरला तो त्याचा अर्क. तरीही सुई टेकली की पहिल्या ओळीतच खोली भरून जाते. आवाज बाईचा की पुरुषाचा, हा प्रश्न मनात येतच नाही. हा आवाज नारायण श्रीपाद राजहंसांचा. उभ्या महाराष्ट्राचे बालगंधर्व.

त्यांच्याबद्दलची एक अवघड गोष्ट आज सांगायची आहे. मराठी रंगभूमीवर त्यांच्याइतकी नेमकी बसलेली नायिका दुसरी झाली नाही. आणि पुढे असे दिवस आले की पदं तीच, शालू तोच, गळ्यातली माया तीच, पण नट त्या भूमिकेत मावेनासा झाला. मला त्यांचं गाणं प्राणापलीकडे आवडतं, म्हणून ही गोष्ट टाळून पुढे जाणं मला जमत नाही.

[दृश्य: मिरज. स्टेशन, मग जुन्या पेठेतला रस्ता.]

१९०५ साली, इथे मिरजेत, सतरा वर्षांच्या नारायणाने किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला उभी केली. पुरुषांनीच स्त्रीभूमिका करायची रीत होती, त्यामुळे त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते या मुलाच्या वावराचं. पदर सावरण्याची त्यांची ढब, नऊवारीचा चोपून बसलेला काष्टा, वेणीतला गजरा, हे सगळं पुढे घरंदाज बायका नाटकाला येऊन डोळ्यांत साठवून नेऊ लागल्या. बाईने पुरुषाकडून बाईपणाची रीत शिकावी, असं आपल्याकडे खरोखर घडलं आहे.

१९११ साली ‘मानापमान’ हे संगीत नाटक आलं. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, भामिनी बालगंधर्वांची. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग झाला. भामिनी त्या रात्री गायली. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि नट गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९१६च्या डिसेंबरात ‘स्वयंवर’ झालं. भास्करबुवा बखल्यांच्या चाली, आणि रुक्मिणीच्या वेषात अठ्ठावीस वर्षांचे नारायणराव. कृष्णाचं नाव ऐकून हरखलेली उपवर मुलगी. वय, रूप, गळा, सगळं एका रेषेत आलेलं. १९१९ साली बडोद्यात ‘एकच प्याला’ लागलं तेव्हा नाटककार गडकरी हयात नव्हते. जानेवारीत ते गेले होते. नाटकाची नायिका सिंधू, तिच्या फाटक्या लुगड्याने प्रेक्षकांना रडवलं.

[दृश्य: रेल्वेचा मालडबा. दोरीने बांधलेले पडदे, पत्र्याच्या ट्रंका.]

नाटक मंडळी म्हणजे फिरतं गाव. पडदे, ट्रंका, ऑर्गन, आचारी, भटारखाना, बायकापोरं, सगळं गाडीत घालायचं आणि पुढचा मुक्काम गाठायचा. गावात बिऱ्हाड मांडलं की आधी थिएटरची डागडुजी, मग जाहिराती, मग प्रयोग. तबल्यावर अहमदजान थिरकवाँसाहेब, सारंगीवर कादरबक्ष. एवढ्या तोलाचे वादक साथीला घेऊन गावोगाव हिंडणारी मंडळी आज डोळ्यांपुढे आणणंही कठीण. आणि नारायणरावांचा हात सढळ. शालू खरे हवेत, अत्तर खरं हवं, पंगतीला तूप आखडता कामा नये. त्यातून कर्ज लाखांच्या घरात गेलं. टेंबे आधीच मंडळी सोडून गेले होते, पुढे बोडसही बाहेर पडले. मंडळीचं सगळं ओझं एकट्या नारायणरावांच्या खांद्यावर आलं.

गाठ बसली ती इथे, असं मला वाटतं. मालक तोच, नायिकाही तीच. गावोगावचे कंत्राटदार पैसे मोजायचे ते शालूतल्या बालगंधर्वांसाठी. सावकार थांबायचा तो त्याच नावावर. अशा माणसाला रंगपटात जाऊन कोण सांगणार, की नारायणराव, आता रुक्मिणी दुसऱ्या कुणाला द्या? ज्याने सांगायचं, त्याचंच पोट त्या रुक्मिणीवर होतं.

गायक-नट केशवराव भोसल्यांची वाट आठवून पाहा. तेही लहानपणी ‘शारदा’तल्या शारदेच्या भूमिकेने गाजलेले. पण वय वाढलं तसे ते नायकाच्या भूमिकांकडे वळले. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या मंडळ्यांनी मिळून संयुक्त ‘मानापमान’ केलं तेव्हा धैर्यधर केशवराव होते आणि भामिनी बालगंधर्व. दोघांनी एकमेकांना गाण्यात शह दिले. लोक त्या रात्रीबद्दल पुढे वर्षानुवर्षं बोलत राहिले. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते.

[दृश्य: रिकामं प्रेक्षागृह. पडद्यावर हळूहळू उजेड.]

त्या काळचा नाटकाचा प्रेक्षक कानांनी पाहायचा. हे वाचायला विचित्र वाटेल, पण रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात, पिवळ्या उजेडात, मागच्या बाकावरून चेहरा दिसायचा तो किती! पोहोचायचा तो स्वर. रुक्मिणीचं वय स्वरात असायचं. एखादी नाजूक जागा आली की समोरची चाळिशीतली व्यक्ती सोळा वर्षांची होऊन जायची. हा करार प्रेक्षकाला मान्य होता आणि नटालाही.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला. तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. खरी बाई, खरा चेहरा, आणि तोही सगळ्या पडद्याभर मोठा. पुढच्याच वर्षी ‘आंधळ्यांची शाळा’त रंगमंचावरही बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या, ज्योत्स्ना भोळे त्यांपैकी एक. हिराबाई बडोदेकर तर त्याआधीच नाटकात उतरल्या होत्या. प्रेक्षकाचा डोळा उघडला. एकदा उघडलेला डोळा पुन्हा मिटत नाही. बालगंधर्व तेव्हा पंचेचाळिशीत होते. अंग सुटलं होतं. स्वर मात्र अजून त्याच वळणावर उभा होता. आणि म्हणूनच पाहणाऱ्याला जास्त त्रास होत असणार. कान म्हणतोय रुक्मिणी, डोळा म्हणतोय नाही.

[दृश्य: पुण्यातल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओचं आवार.]

आता सगळ्यात विलक्षण भाग. नाटक मंडळी थांबवून बालगंधर्व ‘प्रभात’मध्ये आले. व्ही. शांताराम यांनी १९३५ साली ‘धर्मात्मा’ काढला. नाव आधी ‘महात्मा’ होतं. गांधीजींची आठवण होते म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावलं. या चित्रपटात बालगंधर्व झाले संत एकनाथ. पुरुष पुरुषाच्या भूमिकेत. वयाला साजेशी, देहाला साजेशी, अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या साधूची भूमिका. कागदावर याहून योग्य निवड सापडणार नाही. आणि प्रेक्षक हिरमुसले! पुरुषवेषातले बालगंधर्व त्यांना परके वाटले. तीस वर्षं शालूत पाहिलेला माणूस स्वतःच्या रूपात समोर आला, तर तोच वेषांतर केल्यासारखा दिसला. ‘प्रभात’बरोबर पुढचे चित्रपट व्हायचे होते, ते एकावरच थांबलं.

मग १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’. पुन्हा स्त्रीवेष, पण आता समोर कॅमेरा. रंगमंचावर जे अंतर सगळं सांभाळून घेत होतं ते अंतरच नाहीसं झालं. तोही चालला नाही. पुरुष झाले तरी चुकीचे, बाई झाले तरी चुकीचे. या दोन वर्षांबद्दल वाचताना दरवेळी माझा घसा दाटून येतो. त्यांची साधना तसूभरही उणी झाली नव्हती. ज्या प्रेक्षकासाठी ते घडले होते, तो प्रेक्षक उठून गेला होता.

‘तेव्हाच थांबायला हवं होतं’, असं बोलणारी माणसं आहेत. मला ते पटत नाही. देणी होती, मंडळीतली माणसं होती, आणि गाण्यावाचून जगण्याची त्यांना सवयच नव्हती. ते परत फिरतीवर निघाले. पुढे गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यांचा गळा याच वळणाचा, इतका की पडद्यामागून ऐकताना फसावं. नायिका त्या होऊ लागल्या आणि नारायणराव त्यांच्यासमोर नायक म्हणून उभे राहू लागले. तरी पन्नाशी उलटल्यावरही अधूनमधून शालू अंगावर यायचा. गाव छोटं, थिएटर गळकं, पुढच्या खुर्च्या अर्ध्या रिकाम्या. समोर बसलेले बरेचसे म्हातारे. पद सुरू झालं की ते मान खाली घालून, डोळे मिटून ऐकायचे. त्यांना त्यांची रुक्मिणी दिसत असायची.

पुढे पाय गेले. बसून गायले. १९६४ साली पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ला ते गेले.

[दृश्य: पुणे. बालगंधर्व रंगमंदिर. प्रयोगाआधीची गर्दी.]

या रंगमंदिराचा पाया १९६२ साली त्यांच्याच हातून घातला गेला. २६ जून १९६८ला, त्यांच्या वाढदिवशी, ते सुरू झालं. ते पाहायला ते नव्हते. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली दोन पूर्णाकृती तैलचित्रं आहेत. एकात नारायणराव पुरुषवेषात. दुसऱ्यात स्त्रीवेषात, शालूची घडी न घडी मोजता यावी अशी रंगवलेली.

[दृश्य: कॅमेरा एका जागी स्थिर. माणसं समोरून जातात.]

तिसरी घंटा व्हायच्या आधी आम्ही इथे कॅमेरा लावून उभे होतो. माणसं घाईत होती. कुणी तिकिट शोधत होतं, कुणी बटाटेवडा संपवत होतं. एक आजी नातीचा हात धरून आल्या. पुरुषवेषातल्या चित्रासमोरून सरळ पुढे गेल्या. दुसऱ्या चित्रापाशी थांबल्या, चप्पल काढली, हात जोडले. नात म्हणाली, “आजी, ही कोण गं बाई?”

आजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आत घंटा झाली.

[ग्रामोफोन. सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते.]