पॉट्सडॅम : वाटणीचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

१७ जुलै १९४५. बर्लिन ढिगाऱ्यांखाली गेलेलं, म्हणून दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीचं पुढे काय करायचं हे ठरवायला विजेत्यांची बैठक भरली शेजारच्या पॉट्सडॅममध्ये, जर्मन युवराजासाठी बांधलेल्या सेसिलिएनहोफ राजवाड्यात. यजमान रशियन. अंगणात त्यांनी लाल फुलांचा भलामोठा तारा फुलवून ठेवला होता, म्हणजे घर कोणाच्या ताब्यात आहे हे पाहुण्यांना दारातच कळावं! आतलं गोल टेबल मॉस्कोहून बनवून आणलेलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. गोल, त्यामुळे मानापमानाचा प्रश्न तेवढा मिटला.

त्याभोवती बसले अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन, रशियाचे स्टॅलिन आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल. फ्रान्सला बोलावणं नव्हतं. जर्मनांना तर नव्हतंच.

दुसऱ्याच दिवशी चर्चिलनी विचारलं, जर्मनी म्हणजे नेमकं काय? ऐकायला पोरकट वाटतं, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. स्टॅलिनचं म्हणणं, युद्धानंतर जो उरलाय तोच जर्मनी, दुसरा नाही. शेवटी १९३७ चा, म्हणजे हिटलरनं शेजारचे मुलूख गिळण्याआधीचा जर्मनी चर्चेपुरता धरायचा असं ठरलं. पण ओडर आणि नाइसे नद्यांच्या पूर्वेचा मुलूख स्टॅलिननी आधीच पोलंडच्या हवाली केला होता. नकाशावर बोलणी चालू होती आणि जमीन केव्हाच हातची गेली होती.

मधेच ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल लागला. चर्चिल लंडनला गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या खुर्चीत नवे पंतप्रधान अ‍ॅटली येऊन बसले. त्याआधी, २४ जुलैला, ट्रुमननी स्टॅलिनच्या कानावर घातलं होतं की आमच्याकडे एक असामान्य ताकदीचं नवं अस्त्र आलंय, म्हणजे अणुबॉम्ब. हेरांकडून स्टॅलिनना ते आधीच ठाऊक होतं, त्यामुळे चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

या नाट्यमय प्रसंगांचीच आठवण जास्त निघते. मला मात्र वाटतं, जर्मनीची खरी फाळणी नुकसानभरपाईच्या रुक्ष कलमात झाली. रशियाची दोन कोटींहून अधिक माणसं गेली होती, कारखाने बेचिराख झाले होते. फेब्रुवारीतल्या याल्टाच्या बैठकीत रशियानं जर्मनीकडून वसूल करायच्या भरपाईसाठी वीस अब्ज डॉलर्सचा आकडा मांडला होता, निम्मे स्वतःसाठी. अमेरिकेला धास्ती वेगळीच होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीनं अमेरिकी कर्जाच्या पैशातूनच भरपाई फेडली होती आणि पुढे ती कर्जं बुडाली. तो उद्योग पुन्हा नको होता.

मग अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी सौदा पुढे केला. जर्मनी तेव्हा रशिया, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या ताब्यातल्या चार भागांत वाटलेला होता; ज्यानं त्यानं आपल्या ताब्यातल्या भागातून वसुली करावी. पश्चिमेकडच्या भागातली जी यंत्रसामग्री जर्मनीच्या शांतताकाळातल्या गरजेपेक्षा जास्त ठरेल, तिच्यातली १० टक्के रशियाला फुकट, आणि आणखी १५ टक्के धान्य, कोळसा, लाकूड यांच्या बदल्यात. सोबत पोलंडच्या सरहद्दीवर तात्पुरती मान्यता. स्टॅलिन कबूल झाले.

गंमत अशी, की त्याच करारात जर्मनी आर्थिकदृष्ट्या एकच घटक मानला जाईल असंही लिहिलंय. कागदावर एकत्र कुटुंब, चुली मात्र वेगळ्या! साऱ्या जर्मनीसाठी मध्यवर्ती सरकारी खाती उभारायची ठरली, ती फ्रान्सनं अडवली. बैठकीला न बोलावलेल्या फ्रान्सला, जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या चार विजेत्यांच्या नियंत्रण परिषदेत नकाराधिकार होता ना. मे १९४६ मध्ये अमेरिकी जनरल क्ले यांनी आपल्या भागातून भरपाईसाठी कारखाने उखडणंच थांबवलं, आणि १९४९ मध्ये दोन जर्मनी झाले.

पॉट्सडॅममध्ये सरहद्दीचा अंतिम निकाल शांतता करारावर सोपवला होता. तो निकाल लागायला १९९० चा सप्टेंबर उजाडला. मॉस्कोत झालेल्या त्या करारावर चार विजेत्यांबरोबर दोन्ही जर्मनींच्याही सह्या आहेत, आणि सरहद्द राहिली तीच, ओडर-नाइसेची.