मेलिफॉन्टला जाण्याआधी थोडंसं

नमस्कार मंडळी, मागे वडे तळून तयार आहेत त्यामुळे लांबण लावत नाही, ट्रिपच्या आधी मेलिफॉन्टबद्दल सांग असं कमिटीने म्हटलं म्हणून उभा आहे.

पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या प्राचीन समाधीकडे नेतो, पण तिथून जवळच, ड्रॉहेडाच्या बाजूला मॅटक नदीच्या काठावर मेलिफॉन्ट हे पडकं ॲबी, म्हणजे ख्रिस्ती मठ, आहे तिकडे सहसा कोणी वळत नाही. सिस्टर्शियन नावाच्या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचं आयर्लंडमधलं पहिलं ॲबी, सन 1142. आर्माचे आधीचे आर्चबिशप मॅलकी रोमला जाताना फ्रान्समध्ये क्लेअरव्होला थांबले, तिथले ॲबट, म्हणजे मठाचे प्रमुख, बर्नार्ड आणि त्यांचा मठ इतका आवडला की आपले काही लोक ट्रेनिंगला तिथेच ठेवून आले. मग हे लोक आणि सोबत फ्रेंच मंक्स, म्हणजे मठातले साधू, असे सगळे इकडे आले, जमीन दिली डोनो ओ'कॅरल राजाने, बांधकाम बघायला बर्नार्डने रॉबर्ट नावाचा माणूस दिला. आणि थोड्याच दिवसात भांडणं! आयरिश आणि फ्रेंच लोकांचं काही जमेना, बरेच फ्रेंच रुसून परत गेले.

तरी मठ वाढला हो. 1157 ला चर्चचा मोठा सोहळा झाला, त्यात आयर्लंडच्या हाय किंगने, म्हणजे सगळ्या राजांच्या वरच्या राजाने, गाई आणि सोनं दिलं, डर्व्हॉर्गिला राणीने पण सोनं दिलं. ही तीच, जिला 1152 मध्ये लेन्स्टर प्रांताचा राजा डर्मॉटने पळवून नेलं होतं, आणि पुढे इंग्लंडवर राज्य करणाऱ्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांना इथे बोलावणारा पण हाच डर्मॉट. तिने शेवटचे दिवस मेलिफॉन्टमध्येच काढले, 1193 ला गेली.

पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते त्यानंतरचं. नॉर्मन आल्यावर मठांमध्ये पण आयरिश आणि नॉर्मन असे दोन गट पडले, 1216-17 च्या सुमारास तपासणीला पंथाच्या वरिष्ठांची माणसं आली तर मेलिफॉन्टच्या ॲबटने सरळ गेट बंद करून घेतलं. शेवटी 1228 ला स्टीफन ऑफ लेक्सिंग्टन नावाचे इंग्लंडमधले एक ॲबट आले आणि त्यांनी नियमच काढला, फ्रेंच किंवा लॅटिनमध्ये कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, देता येत नसेल तर मंक म्हणून घ्यायचं नाही. म्हणजे आयरिश माणसाला आयर्लंडमध्येच एंट्री नाही, वर मेलिफॉन्टमधून निघालेले, त्याच्या हाताखालचे मठ काढून इंग्लंड-फ्रान्सच्या मठांना जोडले. शिस्त बिघडली होती हे खरं असेलही, पण मला तरी हा इलाज कमी आणि सूड जास्त वाटतो. 1274 ला ते मठ परत मिळाले.

1539 ला इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद, मग मूर घराण्याने तिथेच घर केलं. त्याच घरात 1603 च्या मार्चमध्ये इंग्रजांशी लढणारा आयरिश सरदार ह्यू ओ'नील याने राणीचा इथला प्रतिनिधी माउंटजॉय याच्यासमोर शरणागती पत्करली, राणी एलिझाबेथ सहा दिवसांपूर्वीच वारलेली, माउंटजॉयला ते माहीत होतं आणि त्याने मुद्दाम सांगितलं नाही.

आता बघण्यासारखं म्हणजे हात धुवायची अष्टकोनी जागा, साधारण 1200 ची, आठपैकी चारच बाजू उभ्या आहेत, तेवढं मुलांना तिच्यावर चढू देऊ नका.