छातीचा फोटो (एक्स-रे) कधी काढायचा?

मंडळी, पिवळा बेडका पडायला लागला की घरचे म्हणतात, "छातीचा फोटो काढून टाकू." पण बेडक्याच्या रंगावरून फोटो ठरत नाही. साध्या ब्राँकायटिसमध्येही, म्हणजे श्वासनळ्यांच्या सुजेतही, कफ पिवळा-हिरवा होतो. तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतो आणि खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

आधी श्वास मोजा. माणूस निवांत बसलेला असावा. त्याला न सांगता, छाती वरखाली होताना बघत पूर्ण 60 सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारांची होते. मोठ्या माणसात श्वास 24 च्या आत, नाडी 100 च्या आत, ताप 100.4 फॅरनहाइटखाली आणि तपासताना छातीत एका जागी करकर नसेल, तर न्यूमोनियाची शक्यता फार कमी. फोटो थांबू शकतो. यातलं एक जरी बिघडलं, तर डॉक्टरांना फोटोबद्दल विचाराच. धाप, बेडक्यात रक्त किंवा बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन 94 टक्क्यांच्या खाली असेल, तर उद्यावर ढकलू नका.

म्हाताऱ्या माणसांना हा हिशोब लागू पडत नाही. त्यांना ताप येईलच असं नाही. जेवण सुटतं, गुंगी येते, आजोबा असंबद्ध बोलायला लागतात. तिथं फोटो लवकर काढलेला बरा.

एक ते पाच वर्षांच्या मुलात श्वास 40 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळात 50 किंवा जास्त असला, तर न्यूमोनिया धरून औषध सुरू करतात. दर वेळी फोटो लागत नाही. पण श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

दोन आठवड्यांवर खोकला गेला की प्रश्न टीबीचा. तिथं थुंकीची तपासणी आणि फोटो दोन्ही हवेत. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) वाळूच्या धुळीत काम करणाऱ्यांनी आपलं काम डॉक्टरांना आवर्जून सांगावं. वाळूच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात साठते आणि टीबीचा धोका वाढवते.

आता फोटोबद्दल. चेन, मंगळसूत्र, ताईत काढा. वेणी वर बांधा, कारण जाड वेणीची सावली फुफ्फुसाच्या शेंड्यावर डागासारखी दिसते. सगळ्यात जास्त गफलत होते ती श्वासात. अर्धवट श्वासावर काढलेल्या फोटोत खालची बाजू धुरकट आणि हृदय मोठं दिसतं, आणि नसलेला न्यूमोनिया सापडतो. तेव्हा छाती पूर्ण भरून घ्या, रोखून धरा. गरोदर असाल तर आधी सांगा. किरणांची मात्रा अगदी थोडी असते, गरज असताना फोटो टाळायचा नाही.

माणूस बरा झाला तरी फोटोतला डाग कित्येक आठवडे राहतो, म्हणून आठवड्यात पुन्हा फोटो काढून घाबरू नका. मात्र विडी-सिगारेट ओढणारे, पन्नाशीपुढचे किंवा खोकला न थांबलेले यांनी साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा काढावा. न्यूमोनियाच्या डागामागे कधी गाठ लपलेली असते. येताना जुनी फिल्म सोबत आणा.