टाळूवरची साडेतीन मिलिमीटरची जखम

दाढ काढून दहा दिवस झाले तरी ठणका जात नाही, असं कुणी सांगितलं की आम्ही दंतवैद्य ठरलेले प्रश्न विचारतो. गोळ्या वेळेवर घेतल्या का? सिगारेट ओढली का? रक्तातली साखर तपासली का? हे विचारायलाच हवं. पण घरी सध्या काय चाललंय, झोप लागते का, हे मी कितीतरी वर्षं विचारतच नव्हते.

१९९८ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची गोल जखम केली. एकदा उन्हाळी सुट्टीत, आणि दुसऱ्या बाजूला तशीच एक, परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणूस तोच, तोंड तेच. रोज जखमेचा फोटो काढायचा आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावायचं. फेस आला, तर जखम अजून उघडी आहे. फेस यायचा थांबला, की वर नवं अस्तर धरलं. परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के अधिक वेळ. अकरांपैकी एकाचीही जखम सुट्टीतल्या इतक्या लवकर भरली नाही.

ही तरणीताठी, निरोगी मुलं होती, आणि ताण होता तो फक्त एका परीक्षेचा. वर्षानुवर्षं घरातल्या आजारी माणसाची उस्तवार करणाऱ्यांचं काय होत असेल, या विचाराने मी आजही अस्वस्थ होते.

जखम झाली की तिथल्या पेशी रासायनिक हाकाटी करतात आणि पांढऱ्या पेशी धावून येतात. इंटरल्युकिन-१ बीटा ही त्यातली एक सुरुवातीची हाक. परीक्षेच्या काळात ती तयार होण्याचं प्रमाण ६८ टक्क्यांनी घटलं होतं. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक अशा हाका दाबतं, हे आपल्याला माहीत आहे.

हिरड्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मूळ शत्रू दातांवर साचणारा जिवाणूंचा थर हाच. तो नसेल तर नुसत्या काळजीने हिरडी सडत नाही. पण काळजीत असलेला माणूस रात्री ब्रश न करताच आडवा होतो, जास्त सिगारेटी ओढतो, झोपेत दात खातो. आणि त्याच वेळी आतली फौजही ढिली पडलेली असते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या दातांमधल्या हिरड्या झडायच्या, रक्त यायचं, तोंडाला असह्य दुर्गंधी यायची. अस्वच्छता, उपासमार, तंबाखू आणि सततची भीती, सगळं एकाच तोंडात जमलेलं.

म्हणून आता मी विचारते. हिरडीची शस्त्रक्रिया थांबण्यासारखी असेल, तर परीक्षेच्या किंवा घरातल्या दुखवट्याच्या आठवड्यात करत नाही. पू झालेली दाढ मात्र थांबत नाही, ती काढावीच लागते. अशा माणसाला मी जखम दाखवायला दोन दिवस आधीच बोलावते.