देवाची दोन एकर

श्रोतेहो, नमस्कार.

मागे एक आजोबा माझ्याकडे आले होते. गावच्या देवस्थानाचे विश्वस्त. पिशवीत ठरावाचं रजिस्टर, पावतीपुस्तकं आणि घड्या पडून चिरलेला सातबारा. म्हणाले, "वकीलसाहेब, तीस वर्षं देवाची दोन एकर आम्हीच राखली. आता पुतण्याला कसायला दिली, खंडही रीतसर भरतोय. मग लोकांच्या पोटात का दुखतं?"

मी सातबारा उलगडला. मालक म्हणून देवाचं नाव, खाली वहिवाटदार म्हणून आजोबांचं. ट्रस्टचा सगळा कायदा त्या दोन ओळींत आहे बघा. कारभार एकाचा, लाभ दुसऱ्याचा.

आजोबा लबाड नव्हते. पण कायदा इथे लबाडी शोधतच नाही. 1726 साली इंग्लंडात एक खटला झाला. रमफर्ड गावच्या बाजाराच्या उत्पन्नाचा भाडेपट्टा एका अल्पवयीन मुलासाठी विश्वस्ताकडे होता. मुदत संपत आली तेव्हा विश्वस्ताने मुलासाठी नवा पट्टा मागितला. मालक म्हणाला, पोराशी करार करून मी त्याला बांधणार कसा? नाही देत. मग विश्वस्ताने तो स्वतःच्या नावावर घेतला. फसवणूक कुठेच नव्हती. तरी लॉर्ड चॅन्सलर किंग यांनी पट्टा आणि नफा दोन्ही मुलाला द्यायला लावले. हे कठोर वाटेल, पण साऱ्या जगात हा पट्टा घेऊ नये असा माणूस एकच, तो म्हणजे विश्वस्त, असं ते म्हणाले. मला हा निकाल अजूनही थोडा निष्ठुर वाटतो. पण एकदा सवलत दिली, की पुढचा प्रत्येक विश्वस्त "मालक नाहीच म्हणाला हो" असं सांगत येईल आणि खरं-खोटं कुणालाच कळणार नाही.

आपल्याकडे खाजगी ट्रस्टसाठी 1882 चा कायदा आहे. त्यात हेतू, मालमत्ता आणि लाभार्थी स्पष्ट हवेत. "माझ्यामागे पोराकडे बघा" ही नुसती इच्छा झाली, ट्रस्ट नव्हे. "हा फ्लॅट, या नातवाच्या औषधपाण्यासाठी" म्हटलं, की विश्वस्त बांधला गेला. पुढे ती मालमत्ता, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जशी सांभाळेल, तशी सांभाळायची.

देवस्थानं, शाळा, धर्मादाय दवाखाने मात्र महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली येतात. कलम 36 प्रमाणे ट्रस्टची जमीन विकायची, बक्षीस द्यायची किंवा अदलाबदल करायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त, आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तरी तेच. आजोबांचा पट्टा वर्षाचाच होता, म्हणून कलम 36 आड आलं नाही. आड आला तो पुतण्या, कारण देवाची जमीन विश्वस्ताच्याच घरात गेली. मी म्हटलं, "जाहीर लिलाव करा, पुतण्याने चारचौघांत बोली लावावी, आणि त्या ठरावाला तुम्ही बसू नका." आजोबांना ते रुचलं नाही. चहा अर्धा टाकून उठले.

विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची माहिती, धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो, आणि तोच राहून जातो. तुमच्या गावच्या ट्रस्टचा परिशिष्ट एकचा, म्हणजे सरकारी नोंदवहीतला, उतारा एकदा त्याच कार्यालयातून काढून आणा, आणि त्यावरच्या विश्वस्तांपैकी हयात किती आहेत ते मोजा.