सॉल, सॉलोमन आणि होओपिई : एका नावाची जडणघडण

श्रोतेहो, नमस्कार.

गिटार मांडीवर आडवी ठेवून तिच्या तारांवरून पोलादी कांडी सरकवत जे वादन केले जाते, ते आपल्याकडे हवाईयन गिटार या नावाने परिचित आहे. अमेरिकेत त्याच वाद्याला स्टील गिटार म्हणतात. 1920 आणि 1930च्या दशकांत या वाद्यावर ज्यांनी आपला ठसा उमटवला आणि ज्यांच्या ध्वनिमुद्रिका त्यानंतरच्या पिढ्यांतील वादकांनी अक्षरशः घोटून काढल्या, ते कलावंत म्हणजे सॉल होओपिई. त्यांचा जन्म 1902 साली होनोलुलू येथे झाला आणि 1953 साली सिअॅटल येथे त्यांचे निधन झाले. आजच्या या भाषणाचा विषय मात्र त्यांचे वादन नसून त्यांचे नाव आहे. त्यातही ‘सॉल’ हे एस, ओ, एल अशा तीन रोमन अक्षरांचे आखूड नाव कोठून आले, ते कोणाचे होते आणि त्याच्या पुढे लागणाऱ्या ‘होओपिई’शी त्याचे नाते काय, हे आपण पाहणार आहोत.

‘सॉल’ हा ‘सॉलोमन’चा संक्षेप आहे. सरगमीतील पाचव्या स्वराला युरोपात ‘सोल’ म्हणतात आणि स्पॅनिश भाषेत सूर्यालाही ‘सोल’ म्हणतात. या दोहोंपैकी कशाचाही या नावाशी संबंध नाही, जरी एखाद्या वादकाला ते शोभून दिसले असते. सॉलोमन म्हणजे बायबलमधील दाविदाचा पुत्र, शहाणपणासाठी प्रसिद्ध असलेला राजा. मूळ हिब्रू नाव ‘श्लोमो’. ग्रीक भाषेत ‘श’ हा उच्चार नाही, म्हणून तेथे त्याचा ‘स’ झाला आणि शेवटी ‘न’ जोडला गेला. तेच रूप लॅटिनमधून इंग्रजीत आले. मराठी बायबलमध्ये हा राजा ‘शलमोन’ आहे, म्हणजे आपल्या अनुवादकांनी हिब्रूतील ‘श’ जपला आणि ग्रीकांनी जोडलेला ‘न’ही राहू दिला. परक्या धर्मग्रंथातील नावे आपापल्या जिभेला रुचतील अशी वळवून घेण्याची ही रीत आपल्या कोकणातही होती. मुंबईत 1796 साली पहिले सिनेगॉग उभारणारे बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजातील सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हे मराठीत ‘सामाजी हसाजी दिवेकर’ होते.

हवाईयन भाषेत तर ही वळवावळवी अटळच होती, कारण त्या भाषेत ‘स’ नाही, ‘र’ नाही, ‘फ’ नाही आणि दोन व्यंजनांचे जोडाक्षरही नाही. अमेरिकेतील धर्मप्रचारक 1820 साली हवाई बेटांवर पोहोचले आणि त्यांनी या भाषेला रोमन लिपी दिली. 1822च्या जानेवारीत होनोलुलू येथे पहिली छपाई झाली. लिहिताना त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. बेटांवरील लोक एकच शब्द कधी ‘त’ने तर कधी ‘क’ने, कधी ‘र’ने तर कधी ‘ल’ने उच्चारत आणि त्यांना त्यात काही फरक वाटत नसे. शेवटी 1826 साली प्रचारकांनी चक्क मतदान घेऊन कोणती अक्षरे ठेवायची ते ठरवले. ‘त’ गेला आणि ‘क’ राहिला, ‘र’ गेला आणि ‘ल’ राहिला. ‘ब’च्या जागी ‘प’ आला. पाच स्वर आणि सात व्यंजने, एवढ्यावर भाषेची वर्णमाला बसवली गेली. एखाद्या भाषेची अक्षरे हात वर करून ठरवणे हा प्रकार आज विचित्र वाटतो, परंतु छापखाना दारात उभा असताना त्यांना कुठे तरी थांबणे भाग होते. बायबलमधील नावांसाठी मात्र त्यांनी काही परकी अक्षरे राखून ठेवली, म्हणून हवाईयन बायबलमध्ये ‘सोलोमोना’ असे रूप छापलेले आहे, तर लोकांच्या तोंडी तेच नाव ‘कोलोमोना’ होते. स्टील गिटारचे आणखी एक आरंभीचे वादक, पोर्तुगीज वंशाचे फ्रँक फेरेरा, यांचे नाव ‘पालाकिको’ असेही नोंदलेले आढळते. ते ‘फ्रान्सिस्को’चे हवाईयन रूप असून ‘फ’चा ‘प’, ‘र’चा ‘ल’ आणि ‘स’चा ‘क’ होत होत ते तेथवर पोहोचले आहे. फेरेरा हे त्यांचे आडनाव गोव्यातील श्रोत्यांना अर्थातच अनोळखी वाटणार नाही.

आता खरा प्रश्न असा, की होनोलुलूमधील हवाईयन कुटुंबात जन्मलेल्या बाळाचे पहिले नाव सॉलोमन का असावे. धर्मांतर हे त्याचे एक कारण आहेच, पण त्याहून नेमके कारण एका कायद्यात आहे. जुन्या हवाईयन समाजात आडनाव नव्हते. माणसाला एकच नाव असे आणि ते मोठ्या गांभीर्याने ठेवले जाई. कधी ते घरातील वडीलधाऱ्यांच्या स्वप्नात येई. अशा स्वप्नात मिळालेल्या नावाला ‘इनोआ पो’, म्हणजे रात्रीचे नाव, म्हणत आणि ते नाकारले तर मुलाला अपाय होतो अशी समजूत होती. 24 ऑगस्ट 1860 रोजी राजे चौथे कामेहामेहा यांनी नावांचे नियमन करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि ही सारी व्यवस्था बदलली. विवाहित स्त्रीने पतीचे नाव लावावे, मुलांनी पित्याचे नाव आडनाव म्हणून लावावे आणि त्याखेरीज प्रत्येक मुलाला एक ख्रिस्ती नाव असावे, असे या कायद्याने ठरवून दिले. आपल्याकडे पित्याचे नाव मधे बसते आणि प्रत्येक पिढीबरोबर बदलत राहते. तेथे पित्याचे नाव शेवटी जाऊन बसले आणि पुढच्या सर्व पिढ्यांसाठी कायमचे गोठले. ख्रिस्ती नावाची ही सक्ती 1967 सालापर्यंत कायद्यात टिकून होती. हवाईचे राज्य 1893 साली उलथवले गेले, 1898 साली बेटे अमेरिकेत विलीन झाली, तरी राजाने घालून दिलेला हा नियम चालतच राहिला. परक्या सत्तेने नव्हे, तर स्वदेशी राजाने हा नियम केला होता, ही गोष्ट या विषयावर बोलताना बहुधा विसरली जाते.

या चौकटीत आपल्या वादकाचे पूर्ण नाव पाहिले, की कोडे सुटते. ते नाव ‘सॉलोमन होओपिई काआईआई’ असे आहे. सॉलोमन हे कायद्याला हवे असलेले ख्रिस्ती नाव, काआईआई हे आडनाव आणि मधले होओपिई हे हवाईयन नाव. म्हणजे ज्याला सारे जग, आणि ध्वनिमुद्रिकांच्या सूचीही, आडनाव समजून चालतात, ते आडनाव नव्हेच. ‘होओपिई’ हे मुळात हवाईयन क्रियापद असून त्याचा अर्थ वर चढवणे असा होतो आणि त्यावरूनच पुढे न्यायालयात दाद मागणे असाही अर्थ रूढ झाला आहे. असेच जोसेफ केकुकू यांच्या बाबतीतही घडले. 1874 साली ओआहू बेटावरील लाइए गावी जन्मलेले केकुकू हे या वाद्याचे जनक मानले जातात. कामेहामेहा शाळेत शिकत असताना त्यांनी तेथील कार्यशाळेत पोलादी कांडी घडवून घेतली, असे सांगितले जाते. त्यांचे आडनाव आपुआकेहाऊ होते आणि ‘केकुकू’ हा त्यांच्या लांबलचक हवाईयन नावाचा केवळ पहिला तुकडा आहे. त्या नावाच्या अर्थात मासेमारीचे जाळे आहे आणि राज्य जिंकणारा पहिला कामेहामेहा राजाही आहे. माझ्या मते सॉल आणि जोसेफ या दोन्ही नावांपेक्षा मधली नावेच त्यांची खरी ‘पहिली’ नावे होती. कायद्याने त्यांना दुसऱ्या जागेवर ढकलले आणि रंगमंचाने त्यांना पुन्हा पुढे आणले.

याच्या उलट उदाहरणही याच वादकांच्या वर्तुळात सापडते. सॉल होओपिई यांच्या बरोबर काही काळ वाजवणारे दुसरे एक सॉल होते, सॉल के. ब्राइट. त्यांचेही पहिले नाव सॉलोमनच. त्यांनी आडनाव राखले आणि एका दमात उच्चारता येणार नाही एवढे मोठे हवाईयन नाव ‘के’ या एका अक्षरात मिटवून टाकले.

सॉलोमनचा सॉल कसा झाला, याचे उत्तर साधे आहे. अमेरिकेत या नावाचे ते नित्याचे लघुरूप आहे. होओपिई 1919 साली ‘मात्सोनिया’ या जहाजावर तिकिटाविना लपून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. चारच वर्षांपूर्वी त्या शहरात भरलेल्या 1915च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाने हवाईयन संगीताचे वेड सर्वत्र पसरवलेले होते. पुढे लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा जम बसला, कोलंबिया कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि त्यांच्या वेष्टनावर ‘सॉल होओपिईज नॉव्हेल्टी ट्रायो’ असे झळकू लागले. तीन रोमन अक्षरांचे नाव तबकडीच्या गोल कागदावर मोठ्या ठशात बसते, जाहिरातीत शोभते आणि अमेरिकन माणसाच्या तोंडी सहज येते. पुढच्या नावाचे मात्र तसे नव्हते.

1826च्या त्या वर्णमालेत एक उणीव राहून गेली होती. हवाईयन भाषेत दोन स्वरांच्या मधे घशात क्षणभर श्वास अडवण्याचा एक उच्चार आहे आणि तो पूर्ण व्यंजनाच्या तोलाचा आहे. ‘माझे’ आणि ‘तुझे’ या अर्थांचे दोन हवाईयन शब्द केवळ या अटकावाने वेगळे होतात. प्रचारकांनी त्याला स्वतंत्र अक्षर दिले नाही. आज तो वर टांगलेल्या उलट्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाने दाखवतात. त्या चिन्हाला ‘ओकिना’ म्हणतात आणि त्याचा सर्रास वापर 1957 साली प्रसिद्ध झालेला मोठा शब्दकोश आणि 1978 साली भाषेला मिळालेला राजमान्यतेचा दर्जा यांनंतरच रुळला. त्यामुळे सॉल यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांवर ओकिना नाही आणि नव्या संग्रहांत मात्र त्यांच्या नावात दोन ओकिना दिसतात. दोन्ही लेखने आपापल्या काळाला धरून आहेत. जुन्या तबकडीची नोंद करताना वेष्टनावरचेच रूप द्यावे आणि कलावंताविषयी लिहिताना नवे रूप वापरावे, हे मला योग्य वाटते.

ओकिना नसलेले रोमन लेखन इंग्रजी सवयीने वाचले, तर त्याचा ‘हूपी’ होतो आणि नाव पार हरवते. देवनागरी येथे अधिक उपयोगी पडते, कारण आपल्याकडे स्वर स्वतंत्रपणे लिहिता येतात. म्हणून मराठीत ‘सॉल होओपिई’ असेच लिहावे. उच्चारताना ‘हो’ म्हणून क्षणभर अडावे, मग ‘ओपि’ सलग म्हणावे आणि पुन्हा अडून ‘ई’ म्हणावे. ‘सॉल’मधला स्वर ‘डॉक्टर’मधल्यासारखा उघडा ठेवावा.