कॅडीच्या डोळ्यांवरचा गॉगल

नमस्कार श्रोतेहो.

मी पुण्यात डोळ्यांची डॉक्टर आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक कॅडी आले होते. वय पंचेचाळीसच्या आसपास, त्यातली पंचवीस वर्षं गोल्फच्या मैदानावर, खांद्यावर दुसऱ्याची बॅग घेऊन. डोळ्यांत सारखं खुपतं आणि लाली जात नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. तपासलं तर दोन्ही डोळ्यांत नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा एक गुलाबीसर त्रिकोण बुबुळावर सरकत आलेला. उजवीकडे तो बाहुलीपासून जेमतेम दोन मिलिमीटर अलीकडे थांबला होता. मी विचारलं, "दादा, गॉगल लावत नाही का?" ते म्हणाले, "मॅडम, लावला आणि चेंडू कुठं पडला ते दिसलं नाही, तर बोलणी कोण खाणार?"

हा प्रश्न अगदी खरा आहे. खेळाडू चेंडू मारतो आणि मान खाली घालून चालू लागतो. चेंडू आभाळात शोधत, सूर्याकडे तोंड करून उभा राहतो तो कॅडी. अठरा होलचा, म्हणजे अठरा भोकांचा, राउंड म्हणजे चार-साडेचार तास, आठ-दहा किलोमीटरची चाल. कॅडी कधीकधी दिवसाला असे दोन राउंड करतो. म्हणून आज मी गॉगलबद्दल जे सांगणार आहे, ते खेळणाऱ्यांनी स्वतःसाठी ऐकावंच, पण आपली बॅग उचलणाऱ्या माणसासाठीही ऐकावं.

आधी उन्हाचं बघू. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी आपल्याकडे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, निर्देशांक 11 च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ही सगळ्यांत वरची पायरी. पण सूर्य डोक्यावर असताना भुवई आणि टोपी थोडा तरी आडोसा करतात. सकाळी आठ-नऊला आणि दुपारी तीन-चारला तो तिरका होतो आणि टोपीच्या खालून डोळ्यांत शिरतो. गोल्फ खेळायच्या वेळा नेमक्या याच. शिवाय पातळ ढग असले तरी बरेचसे अतिनील किरण खाली पोहोचतातच, त्यामुळे आभाळ भरलंय म्हणून गॉगल बॅगेत ठेवू नका.

ते मांस नाकाच्याच बाजूला का वाढतं? ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी याचं फार सुंदर स्पष्टीकरण दिलं. कानाच्या बाजूनं येणारं ऊन बुबुळाच्या कडेवर पडतं. बुबुळाचा फुगीर, पारदर्शक पडदा भिंगासारखं काम करतो आणि ते ऊन आतून पलीकडच्या, नाकाकडच्या कडेवर एकवटतो. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो, तसंच. आता गॉगलचा आकार का महत्त्वाचा, ते लक्षात येईल. समोरून कितीही भारी काच असली आणि बाजूनं दोन बोटं मोकळी असतील, तर या त्रासापुरता तो गॉगल निम्माच कामाचा. डोळ्याभोवती कानशिलापर्यंत वळलेला, नाकावर घट्ट बसणारा, खाली वाकून पटिंग करताना, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे ढकलताना, न घसरणारा गॉगल घ्या.

काचेबद्दल पहिली अट एकच: यूव्ही 400. म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ती अडवते. ही गोष्ट रंगावर ठरत नाही. रस्त्यावरचा स्वस्त, काळाकुट्ट गॉगल मला फार खुपतो. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काचेत यूव्ही गाळण्याची सोय नसेल तर त्या उघड्या दारातून किरण सरळ आत जातात. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत यूव्ही तपासायचं छोटं यंत्र असतं. तुमचा जुना गॉगलही घेऊन जा आणि त्यावर धरायला सांगा.

दुसरी अट काच कशाची आहे ही. पॉलिकार्बोनेटची, म्हणजे मजबूत प्लास्टिकचीच मागा. गोल्फचा चेंडू जेमतेम 42.67 मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि कसलेल्या व्यावसायिक खेळाडूच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे लांब फटक्याच्या काठीवरून, तो ताशी अडीचशे किलोमीटरच्याही पुढे सुटतो. क्रिकेटचा चेंडू लागला तर बराचसा मार भुवई आणि गालाची हाडं अंगावर घेतात. गोल्फचा चेंडू साधारण डोळ्याच्या खोबणीच्या तोंडाएवढाच, त्यामुळे तो थेट डोळ्यावर बसतो. अशी जखम झालेला डोळा वाचवणं फार अवघड असतं. पूर्ण वेगानं आलेला चेंडू साधा गॉगल झेलेल असं मी म्हणणार नाही. पण टप्पा पडून उडालेला चेंडू, बंकरमधली वाळू, झुडपाची फांदी यांच्यापुढे पॉलिकार्बोनेट टिकतं. साधी काच फुटली तर तिचे तुकडेच डोळ्यांत जातात. आणि कृपा करून, "फोर!" अशी, चेंडू येतोय म्हणून सावध करणारी आरोळी ऐकली की वर बघू नका. डोकं हातांनी झाका आणि खाली वाका.

रंगाची निवड मात्र मैदानावरची. तपकिरी किंवा अंबर काच निळा प्रकाश कमी करते, त्यामुळे गवतातले चढ-उतार उठून दिसतात. राखाडीत रंग जसेच्या तसे राहतात, पण तो उठाव येत नाही. काचेच्या गडदपणाला 0 ते 4 अशा श्रेणी असतात. आपल्या उन्हाला तिसरी पुरते, तिच्यातून 8 ते 18 टक्के प्रकाश आत येतो. चौथ्या श्रेणीचा गॉगल लावून गाडी चालवायची नसते.

पोलराइज्ड काच घ्यावी का? तळ्यावरची चकाकी ती छान मारते. पण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, गवत कुठल्या दिशेला झुकलंय हे खेळाडू त्याच्या चमकेवरून वाचतो, आणि ती चमकच हरवली तर पटचा अंदाज चुकू शकतो. माझा कल गोल्फसाठी बिनपोलराइज्ड काचेकडे आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी एक गोष्ट सांभाळावी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेतून पायाशी ठेवलेला चेंडू बघताना नजर वाचायच्या नंबरातून जाते आणि चेंडू धूसर दिसतो. दूरच्या नंबराचाच गॉगल करून घ्या. स्कोअरकार्ड वाचायचं असेल तर एकाच काचेच्या खालच्या, बाहेरच्या कोपऱ्यात वाचायचा छोटा तुकडा बसवून मिळतो.

आता त्या कॅडीदादांचं. मांस आणखी सरकलं तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि त्यानंतरही डोळे उन्हात उघडेच राहिले तर ते परत वाढू शकतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांचे साहेब सोबत आले होते. त्यांना सांगितलं, की तुम्ही वापरता त्या डझनभर चेंडूंच्या किमतीत असे दोन चांगले गॉगल येतात. त्यांनी लगेच होकार दिला, आणि आम्ही तिघं दवाखान्याखालच्या चष्म्याच्या दुकानात उतरलो.

तपकिरी, यूव्ही 400, पॉलिकार्बोनेट, मागे दोरी असलेला गॉगल निघाला. दादांनी तो आरशात पाहिलाच नाही. लावून ते थेट रस्त्यावर गेले, खिशातून एक जुना चेंडू काढला आणि मान वर करून उंच उडवला. झेलला. पुन्हा उडवला, या वेळी उन्हाकडे तोंड करून. तोही हातात आला. मग आत येऊन म्हणाले, "दिसतोय, मॅडम. हाच द्या."

नमस्कार.